ठाणावरून : कडी उघडणारी घोडी आणि इतर प्रश्न

या वेळच्या पत्रांत एक शब्द फार वेळा आला आहे: 'मुद्दाम'. घोडा मुद्दाम पाण्यात लीद टाकतो, मुद्दाम नाल पाडतो, मुद्दाम हाती लागत नाही. मी तीस वर्षं घोड्यांमध्ये आहे. पहाटे लीद उचलण्यापासून रात्री शेवटची वैरण टाकेपर्यंत सगळं काम या हातांनी केलेलं आहे, आणि सुरुवातीची बरीच वर्षं हा शब्द माझ्याही तोंडी होता. तो सुटला तेव्हापासून घोडा काय सांगतोय हे मला जास्त कळायला लागलं. पत्रं लांबलचक होती. मुद्द्यापुरती ठेवून खाली दिली आहेत.

प्रश्न : ताई, आमची घोडी ओठांनी कडी सरकवते. गेल्या आठवड्यात पहाटे ती चंदीच्या, म्हणजे धान्याच्या खुराकाच्या, खोलीत सापडली. पिंप आडवं पडलेलं, नाकपुड्यांपर्यंत भुसा. किती खाल्लं ते कळायला मार्ग नव्हता. दिवसभर ती ठणठणीत होती म्हणून डॉक्टरांना बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशी पुढचे पाय जपून टाकायला लागली. डॉक्टर म्हणाले, दिसल्या दिसल्या फोन करायला हवा होता. ठणठणीत जनावरासाठी डॉक्टरांना पहाटे उठवायचं असतं का?

उत्तर : हो, उठवायचं असतं. ती ठणठणीत दिसत असते तीच खरी उपचारांची वेळ.

घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं परत तोंडावाटे येत नाही. जठरही देहाच्या मानाने लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं. दिवसभर थोडं थोडं चरणाऱ्या जनावराचं ते पोट आहे. त्यात एकदम धान्याचा ढीग गेला की लहान आतड्याला सगळा स्टार्च पचवता येत नाही आणि उरलेला मोठ्या आतड्यात उतरतो. तिथले जिवाणू गवत आंबवणारे. त्यांच्यात स्टार्च पडला की आम्ल झपाट्याने वाढतं, नेहमीचे जिवाणू मरतात आणि विषारी द्रव्यं रक्तात मिसळतात. मार बसतो तो खुरांना. खुरातलं हाड खुराच्या भिंतीला अगदी बारीक पापुद्र्यांनी टांगलेलं असतं. ते पापुद्रे सुजतात, सुटायला लागतात. याला लॅमिनायटिस म्हणतात. खाल्ल्यापासून इथपर्यंत यायला एक ते तीन दिवस लागतात, आणि त्यातले पहिले कित्येक तास घोडा नेहमीसारखाच वागतो.

मला हे माझ्या पहिल्या घोड्याने शिकवलं. कुमैत रंगाचा, फार शांत. रात्री मीच चंदीच्या खोलीचं दार नुसतं लोटून आले होते. सकाळी तो आत उभा दिसला. मी त्याला बाहेर काढलं, पाणी दिलं, आणि दुपारी तो फुरफुरत माझ्याकडे आला म्हणून देवाचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मागच्या पायांवर भार घेऊन, पुढचे दोन्ही पाय पुढे ताणून उभा होता. खूर हाताला गरम लागत होते. पुढच्या पायाच्या घोट्यामागे मी दोन बोटं ठेवली. एरवी तिथली नाडी शोधावी लागते, त्या संध्याकाळी ती बोटांना धडका देत होती. तो वाचला, पण त्याच्या पाठीवर पुन्हा खोगीर चढलं नाही. अजूनही रात्री अंथरुणातून उठून मी ती कडी पाहून येते.

पहिल्या काही तासांत डॉक्टरांना खूप काही करता येतं. नाकातून नळी घालून पोट धुता येतं, विष शोषून घेणारी औषधं देता येतात, आणि लॅमिनायटिस सुरू होण्याआधीच खूर बर्फात ठेवायला सांगता येतं. हे बर्फाचं काम मधूनमधून करून भागत नाही. सलग दोन-तीन दिवस खूर गार राहावे लागतात, रात्री पाळी लावून बर्फ बदलावा लागतो. फोन केल्यावर घोडी किती वजनाची आहे, काय खाल्लं, अंदाजे किती आणि केव्हापासून किती वाजेपर्यंत तिला संधी होती, हे सांगा. समोरची चंदी काढून घ्या, पाणी राहू द्या, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय घरातलं कुठलंही औषध पाजू नका.

'किती खाल्लं कळायला मार्ग नव्हता' या तुमच्या वाक्यापाशी मी थांबले. माझ्या पिंपांना आतून रंगाने रेघा मारलेल्या आहेत आणि रात्रीची चंदी दिली की चंदी कुठल्या रेघेवर आहे ते दारावरच्या पाटीवर लिहिते. दोन सेकंदांचं काम आहे, पण अशा पहाटे डॉक्टरांना तोच आकडा लागतो.

कडीचं म्हणाल तर सरकती कडी ओठांना सोपी जाते. तिच्यासोबत दाराच्या बाहेरच्या बाजूने, खाली, गुडघ्याच्याही खाली दुसरी कडी लावा आणि वरच्या कडीच्या छिद्रात स्प्रिंगचा हुक अडकवा. चंदीच्या खोलीला मात्र स्वतंत्र कुलूपच हवं. घोडी ठाणातून सुटलीच तरी तिच्या आणि चंदीच्या मध्ये आणखी एक बंद दार असलं पाहिजे. आता तिच्या खुरांकडे लक्ष द्या, मऊ आणि जाड अंथरूण घाला, डॉक्टर म्हणतील तितके दिवस तिला चालवू नका. वेळेवर लक्ष गेलेल्या अनेक घोड्या यातून सावरतात.

प्रश्न : माझा घोडा कुरणात हाती लागत नाही. बाकीच्यांचे घोडे हाकेला येतात. हा मला दहा पावलांवर येऊ देतो आणि वळून पळतो. म्होरकी (तोंडावर चढवायची दोरी) पाठीमागे लपवून पाहिली, चंदीची बादली नेऊन पाहिली. एकदा बादलीभोवती चार घोडे जमले आणि मला लाथ बसता बसता राहिली. तो माझा अपमान करतोय असं वाटायला लागलंय.

उत्तर : आधी बादली बंद करा, आजपासून. मोकळ्या घोड्यांच्या घोळक्यात चंदी घेऊन शिरू नये. ते एकमेकांना हटवायला लाथा झाडतात आणि मध्ये माणूस सापडतो.

आता एक वही घ्या. गेल्या पंधरा दिवसांत त्याला किती वेळा पकडलंत आणि पकडल्यावर काय केलंत, ते आठवून लिहा. पकडलं, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळला, तासभर फिरवलं. पकडलं, जखमेला औषध लावलं. पकडलं, बंद ठाणात नेलं. माझ्याकडे एक तरणी घोडी होती, तिची अशी यादी मी केली तेव्हा अकरापैकी अकरा वेळा पकडण्यामागे काम किंवा दुखणं होतं. तिच्या जागी मी असते तरी पळाले असते. घोडा गोष्टींची सांगड पटकन घालतो, आणि तुमच्या घोड्याने ती बरोबर घातली आहे.

म्हणून पुढचे काही आठवडे पकडण्याचे अर्थ बदला. रोज एकदा कामाशिवाय कुरणात जा. म्होरकी खांद्यावर उघड टाका. लपवलेली वस्तू घेऊन चालणारं शरीर आखडतं आणि ते त्याला लांबून दिसतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त कपाळासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागची जागा त्याच्या नजरेबाहेर राहते. त्यामुळे सरळ तोंडावर जाऊ नका, मागूनही नको. खांद्याच्या दिशेने, तिरपे, मध्ये थांबत चाला. तो डोकं वर करून कान रोखेल तिथे थांबा. तो परत चरायला लागला की मगच पुढचं पाऊल टाका. तो वळलाच, तर पाठलाग करू नका, बाजूला उभे राहून वाट पाहा.

जवळ पोचलात की मानेच्या मुळाशी, जिथे आयाळ संपते तिथे, बोटांच्या पेरांनी जोरात खाजवा. घोडे एकमेकांना दातांनी तिथेच खाजवतात, आणि तिथे खाजवलं की त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेलं आहे. वरचा ओठ लांब होऊन थरथरायला लागला की जागा बरोबर सापडली. मग म्होरकी घाला, थोडं खाजवा, म्होरकी काढा आणि तुम्हीच आधी निघून या. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. माझ्या त्या घोडीला तीन आठवडे लागले. एका सकाळी मी फाटकाशी उभी होते आणि ती चरता चरता माझ्या दिशेने सरकत आली, जणू सहज. मी काही न करता तिला खाजवलं आणि परत आले.

एक शंका मनात ठेवा. पूर्वी येणारा घोडा अचानक टाळायला लागला असेल तर खोगीर तपासा. पाठीच्या उंचवट्यावर, खोगिराखाली नवे पांढरे केस आले असतील किंवा तंगाखाली कातडी सोलली असेल, तर तो दुखण्यापासून पळतोय.

प्रश्न : रोज सकाळी पाण्याच्या बादलीत लीद. रोज! दिवसातून तीनदा धुते. काय करू?

उत्तर : बादलीची जागा बदला. बहुतेक घोडे ठाणात एका ठरावीक बाजूला पाठ करून लीद टाकतात. अंथरूण कुठे जास्त ओलं आणि घाण होतं ते दोन दिवस बघा. बादली त्या कोपऱ्यात किंवा त्याच्या शेजारी असणार. ती समोरच्या कोपऱ्यात, त्याच्या छातीच्या उंचीवर टांगा, शक्यतो दारापाशी, जिकडे तो तोंड करून उभा असतो. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं.

हे हसण्यावारी नेऊ नका. मोठ्या घोड्याला दिवसाला साधारण २५ ते ४५ लिटर पाणी लागतं, उन्हात आणि कामाच्या दिवशी त्याहून जास्त. लीद पडलेलं पाणी तो पीत नाही. रात्रभर तहानलेला राहिला आणि वर सुकं गवत खात राहिला, की आतड्यात ते घट्ट बसतं आणि शूळ, म्हणजे पोटदुखी, उठतो. सकाळी लीद किती पडली, कोरडी आहे का, हे मी चहाआधी बघते.

प्रश्न : दोन तास आंघोळ घातली, आयाळ विंचरली, आणि सोडल्याबरोबर तो धुळीत लोळला. असं का करतात?

उत्तर : ओली कातडी खाजते, धूळ पाणी शोषते आणि माश्यांपासून थोडा आडोसा देते. शिवाय लोळण्यात पाठीचे ताणही सुटतात. त्याला लोळू द्या. स्वच्छच हवा असेल त्या दिवशी पट्टीने पाणी निथळून काढा आणि अंग कोरडं होईपर्यंत हाताने फिरवा. धूळ वाळली की खराऱ्याच्या चार हातांत निघते. लोळून उठल्यावर त्याने अंग झाडलं तर निश्चिंत राहा. न झाडता पुन्हा आडवा होत असेल, पोटाकडे वळून बघत असेल, जमीन उकरत असेल, तर धूळ विसरा आणि डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न : आमचा सात वर्षांचा घोडा दाराच्या कडेला वरचे दात रोवतो, मान ताणतो आणि 'हुक्' असा आवाज करत हवा ओढतो. दाराची फळी दोन वेळा बदलली. शेजारच्या घोड्याचे मालक म्हणतात, 'तुमच्या घोड्याचं बघून आमचाही शिकेल, त्याला दुसरीकडे हलवा.' गळपट्टा बांधायला सांगतात. बांधू का?

उत्तर : तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण या खोडीपायी घोडे नाहक बदनाम होतात आणि त्यांना वाळीत टाकलं जातं.

घोड्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असतं, पोट रिकामं असलं तरी. ते सौम्य करते ती लाळ, आणि घोड्याची लाळ सुटते चावतानाच. मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे १६ तासांच्या आसपास चरतो, म्हणजे तेवढा वेळ त्याच्या पोटात लाळ आणि गवत जात राहतं. आपण त्याला सकाळ-संध्याकाळ चंदी देतो, ती तो थोड्या वेळात संपवतो, आणि मग भिंतीकडे बघत उभा राहतो. पोटात व्रण, चावायला काही नाही, फिरायला जागा नाही, सोबत नाही. लहानपणी आईपासून लवकर तोडलेल्या शिंगरांतही ही खोड जास्त दिसते. 'घोडा का अडला?' या जुन्या कोड्याचं उत्तर 'न फिरवल्यामुळे' असं आहे. कोडं घालणाऱ्यांना घोडे माहीत होते.

शेजाऱ्यांचा समज फार जुना आहे. एका तबेल्यात तीन-चार घोड्यांना ही खोड लागते तेव्हा बघून शिकले असं वाटतं खरं, पण त्या सगळ्यांची वैरण, वेळा आणि कोंडून राहण्याचे तासही सारखेच असतात. त्यांना हे शांतपणे सांगा आणि घोडा हलवू नका. सोबत तुटली तर खोड वाढेल.

गळपट्ट्याने ओढणं थांबतं, ओढावंसं वाटणं थांबत नाही. पट्टा काढला की काही घोडे आधीपेक्षा जास्त ओढतात. मी पट्टा वापरत नाही. आधी डॉक्टरांकडून व्रणांची तपासणी करून घ्या. ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला साडेसात ते दहा किलो सुकी वैरण लागते, म्हणजे वजनाच्या दीड ते दोन टक्के; तुम्ही देता ती एकदा काट्यावर तोला. पेंढी डोळ्यांनी मोठी दिसते आणि काट्यावर निम्मी भरते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. बारीक छिद्रांच्या जाळीत वैरण दिली की ती जास्त वेळ पुरते. चंदी कमी करता येईल का ते डॉक्टरांना विचारा. रोज काही तास दुसऱ्या घोड्यासोबत मोकळं सोडा.

जुनी खोड पूर्ण जाईलच असं मी म्हणणार नाही. माझ्याकडच्या एका म्हाताऱ्याची शेवटपर्यंत गेली नाही, पण दिवसभर ओढणारा तो नंतर फक्त चंदीनंतर थोडा वेळ ओढायचा. दाराच्या कडेला जाड रबर बसवा, दात झिजणार नाहीत. अशा घोड्यांना शुळाच्या काही प्रकारांचा धोका जास्त असतो, तेव्हा पोटाच्या कुरबुरींकडे तुमचं लक्ष इतरांपेक्षा तीक्ष्ण हवं.

प्रश्न : दोन महिन्यांत तिसऱ्यांदा नाल पडली. नालबंद म्हणतात घोडा धसमुसळा आहे, मला वाटतं नालबंदच नीट ठोकत नाहीत. परवा नाल अर्धी सुटून वाकली होती आणि तिचा एक खिळा तळव्याला टोचत होता. कोणाचं चुकतंय?

उत्तर : तुमच्या नालबंदांचं काम मी पाहिलेलं नाही, त्यामुळे निवाडा करत नाही. कुठे बघायचं ते सांगते.

पडलेली नाल पुढच्या पायाची होती की मागच्या? बहुतेक वेळा पुढचीच असते. पुढचा पाय उचलायला क्षणभर उशीर झाला की मागच्या खुराचा पुढचा भाग नालेच्या मागच्या टोकावर पडतो आणि नाल ओढली जाते. खूर लांब वाढला की पाय उचलायला उशीर होतो. खुराची भिंत महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद यायलाच हवेत. तुमच्याकडे शेवटचे केव्हा आले होते? खोल चिखलातून पाय ओढताना हेच होतं, फाटकापाशी तर हमखास, कारण तिथे सगळे घोडे वाट बघत माती तुडवत उभे असतात. तिथे खडी टाकली की खूप फरक पडतो. भिंत चिरकी, भुसभुशीत असेल तर चांगल्या नालबंदाचे खिळेही धरत नाहीत.

रोज पाय साफ करताना एक काम करा. खुराच्या बाहेरच्या बाजूने अंगठा वरून खाली फिरवा. खिळ्यांची वळवून दाबलेली टोकं तिथे बाहेर आलेली असतात. ती भिंतीत बसलेली असतील तर अंगठा सरळ सरकतो. एखादं टोक नखाला अडलं की नाल सैल व्हायला लागली आहे. त्याच दिवशी नालबंदांना कळवा. हे टोक मला पहिल्यांदा अंगठ्याला कळलं तेव्हा मी सगळ्या घोड्यांचे सगळे खूर पुन्हा चाचपले होते. पुढच्या खुरांवर घंटेसारखे रबरी बूट घालून सोडलंत तर मागच्या पायाचा मार त्यांच्यावर बसेल.

अर्धी सुटलेली नाल धोक्याची असते. घोडा तिच्याच खिळ्यावर उभा राहू शकतो. काढायची पद्धत नालबंदांकडून शिकून ठेवा आणि हत्यारं ठाणाजवळ टांगा. शिकलेलं नसेल तर ओढाताण करू नका, त्याला तिथेच उभं धरा आणि बोलावणं पाठवा. पडलेली नाल मात्र सापडेपर्यंत शोधायची, अंधार पडला तरी कंदील घेऊन. खिळ्यांसकट ती गवतात राहिली तर दुसऱ्या घोड्याच्या पायात जाते. आणि कधी खिळा तळव्यात खोल रुतलेला दिसला, आणि डॉक्टर लवकर येऊ शकत असतील, तर तो उपटू नका. आणखी आत जाऊ नये म्हणून भोवती जाड गादी बांधा. तो कुठे आणि किती आत गेलाय हे एक्स-रेमध्ये दिसतं, उपटला की छिद्र मिटतं आणि ते कळणं अवघड होतं. धनुर्वाताची लस झाली आहे की नाही तेही त्याच वेळी सांगा. घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो.

प्रश्न : आम्ही पाच जणी एकाच तबेल्यात घोडे ठेवतो. माझे ब्रश, माझं तंग कोणीही वापरतं, परत ठेवत नाही. बोललं तर 'एवढं काय त्यात' म्हणतात. मी कोत्या मनाची आहे का?

उत्तर : अजिबात नाही. ब्रश आणि तंगावरून गजकर्ण एका घोड्यावरून दुसऱ्यावर जातं, आणि घोड्यावरून माणसालाही. गोल, केस गळालेले, खपली धरलेले डाग आधी तंगाच्या जागी दिसतात. एका तबेल्यात मी ते नऊ घोड्यांना झालेलं पाहिलं आहे. सगळं सामान औषधाच्या पाण्यात बुडवलं, आणि दोन महिने कोणी कोणाच्या ठाणात पाय टाकला नाही.

तेव्हा तक्रारीच्या सुरात न बोलता आजाराचं सांगा. पाचही जणींना एकत्र बसवा आणि सामान घोड्याप्रमाणे वेगळं राहील असं ठरवा. प्रत्येक घोड्याला एक रंग द्या, ब्रशच्या पाठीवर आणि तंगाच्या बकलावर त्या रंगाची पट्टी मारा. उसनं मागायला बंदी नको; न विचारता नेण्याला असू दे. आणि उरलेल्या चौघींचं सामान तुम्हीही कधी न विचारता उचललं असेल तर त्या बैठकीत ते आधी तुम्हीच सांगा, बाकीच्या जणींना बोलायला सोपं जाईल.

प्रश्न : मी चौदा वर्षांचा आहे. घोडे उभ्यानेच झोपतात असं ऐकलं होतं. काल रात्री आमची घोडी सपाट आडवी पडलेली दिसली, पाय थरथरत होते. मी घाबरून ओरडलो, ती दचकून उठली. तिला काही झालं होतं का?

उत्तर : बाळा, बहुधा तिला स्वप्न पडत होतं. घोड्याच्या पायांतले स्नायुबंध सांधे असे अडकवून धरतात की तो उभ्याउभ्या डुलकी घेऊ शकतो. पण गाढ झोपेचा जो भाग असतो, ज्यात स्वप्नं पडतात, त्यासाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. दिवसभरात मिळून साधारण अर्धा ते एक तास. तेवढीही झोप मिळाली नाही तर घोडा उभ्याउभ्या गुडघ्यांवर कोसळतो. पुढच्या पायांच्या घोट्यांवर समोरून खरचटल्याच्या खुणा वारंवार दिसल्या तर मोठ्यांना सांग, तो घोडा झोपत नाहीये.

ज्या जागी भीती वाटते तिथे घोडा आडवा होत नाही. तुमच्या घोडीला तुमचं ठाण सुरक्षित वाटतं, म्हणून ती पडली होती. पुढच्या वेळी लांबूनच थोडा वेळ बघ. श्वास संथ असेल, अंगाला घाम नसेल, ती सारखी उठबस करत नसेल, पोटाकडे वळून बघत नसेल, तर ती झोपली आहे. कुरणात असतील तर बघ, एक घोडा आडवा झाला की शेजारी बहुतेक वेळा दुसरा उभा असतो, कान वळवत. तो तुला आधी बघेल. तू हळूच मागे फीर, फाटक वाजू देऊ नकोस.